चकवाभाऊ

त्याचं खरं नाव मी लिहिणार नाही. अट त्याचीच आहे. "नाव छापलं का संपलं, सर. नावावरून गाव, गावावरून आधार, आधारवरून ब्यांक, अन् ब्यांकेवरून मी रस्त्यावर!" असं म्हणत त्याने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. त्यातून सुपारीची पुडी, दोन पेनड्राइव्ह आणि एक फासा खाली पडला. फाशाचं पुढे येईलच. वास्तविक तेल्हाऱ्याच्या तहसील रस्त्यावर त्याच्या दुकानावर चार बाय आठचा फ्लेक्स आहे, आणि त्यावर नाव, आडनाव, मोबाईल नंबर आणि हसरा फोटो हे सगळं उन्हात खुशाल वाळत पडलेलं आहे. तसं म्हटलं तर तो एक डोळा बारीक करतो. "नंबर सायाचा हाय, सर." म्हणजे मेहुण्याचा. मेहुण्याला या योजनेची कल्पना दिलेली नाही. त्या बिचाऱ्याला रोज कुणी ना कुणी फोन करून विचारतं, "सातबारा निंगाला का?"

गाव त्याला चकवाभाऊ म्हणतं. आमच्याकडे रात्री-बेरात्री वावरातून येणाऱ्याला चकवा लागतो. माणूस पहाटेपर्यंत एकाच धुऱ्याला फेऱ्या घालतो आणि उजाडल्यावर बघतो तर आपल्याच विहिरीपाशी उभा. संगणकात शिरणाऱ्या चोराला असाच चकवा लावायचा, हे आमच्या भाऊचं जीवितकार्य. चोराला अजून लागायचा आहे. गिऱ्हाइकं, बायको, मेहुणा आणि मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा पोरगा यांना मात्र लागून झालेला आहे.

हे वेड त्याने पुण्याहून आणलं. हिंजवडीला एका कंपनीत तो रात्रपाळीला होता. काम एवढंच, की पडद्यावर लाल दिवा लागला की वरच्याला उठवायचं. वरचा उठायचा नाही. मग पहाटेपर्यंत वेळच वेळ. त्या वेळात याने हल्लेखोर, सापळे आणि गेम थिअरी यांवर मिळेल ते वाचून काढलं. २०२० च्या टाळेबंदीत गावी आला तो परत गेलाच नाही. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पॅन कार्ड, पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन असं दुकान थाटलं. आत पाच संगणक आहेत. खरे दोन. बाकीचे तीन हल्लेखोरासाठी मांडलेले आहेत आणि हुबेहूब खऱ्यासारखे दिसतात. इतके हुबेहूब, की एकदा भांबेरीच्या शेतकऱ्याच्या पुतण्याने तासभर बसून काकाचा विम्याचा अर्ज खोट्यावर भरला. खोट्याने त्याला पावतीही दिली. चकवाभाऊला ते पहाटे तीनला आठवलं. मुदत त्याच दिवशी संपत होती. त्याने बनियनवर येऊन दुकान उघडलं आणि अर्ज खऱ्यावर भरला. फसवणुकीचा खर्च आधी आपल्याच माणसांच्या खात्यावर पडतो, हे या विषयातले भलेभले जाणकारही सांगतात. त्यांना बनियनवर यावं लागत नाही, इतकंच.

त्याचा मुद्दा मात्र पोकळ नाही. "पाहा सर, चोराले एक खिडकी पुरते. आपल्याले सगळ्या खिडक्या पाहा लागते. म्हंजे खेळ सुरू व्हायच्या आंधीच आपुन हारलेले." हा झाला नेहमीचा बचाव. पण घरात खोट्या खिडक्या लावल्या तर? मग चोराला प्रत्येक वेळी बरोबर असावं लागतं. तो एकदा चुकला, खोट्याला एकदा हात लागला, की घंटी वाजलीच; कारण खोट्याला हात लावायचं प्रामाणिक माणसाला कामच नसतं. इथून पुढे जो तो दुसऱ्याच्या डोक्यात शिरून आपली चाल ठरवणार. खरं कोणतं, खोटं कोणतं, आणि समोरच्याला हे कळलंय असं आपल्याला कळलंय का! जॉन फॉन न्यूमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ साली या शास्त्राचा, म्हणजे गेम थिअरीचा, जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात पोकरच्या पत्त्यांमधली हूलसुद्धा गणितात बसवली आहे. चकवाभाऊने तो ग्रंथ पाहिलाय. वाचलाय का, हे विचारलं तर "थे सांगनं डावात बसत नाही" असं उत्तर येतं.

त्याचं दैवत म्हणजे क्लिफ स्टोल. दाखल्यासाठी थांबलेल्या माणसाला ही कथा ऐकावीच लागते, आणि सर्व्हर डाऊन असेल तर दोनदा. १९८६ साल. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा. स्टोल मूळचा खगोलशास्त्रज्ञ, त्याला संगणकखात्यात बसवलेलं. हिशोबात ७५ सेंटचा फरक आला. दुसरा कुणी असता तर खिशातून भरून मोकळा झाला असता. हा त्या ७५ सेंटच्या मागे लागला तो थेट जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत पोचला. तिथून एक जण अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरून मिळेल ते सोव्हिएत हेरखात्याला विकत होता. पण त्याचा माग काढायचा तर तो फोनलाइनवर बराच वेळ टिकायला हवा. मग स्टोलने एक अख्खं खोटं खातं उभं केलं. क्षेपणास्त्र-संरक्षणाच्या सरकारी योजनेचं नाव, पत्रव्यवहार, परिपत्रकं, आणि सगळं कसं, तर अस्सल सरकारी कंटाळवाणं. तो पठ्ठ्या ते वाचत बसला आणि तेवढ्यात तिकडे त्याचा पत्ता लागला. इथे चकवाभाऊ थांबतो आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघतो. समोरचा म्हणतो, "माया दाखला कवा भेटन?"

या कथेने पेटून त्याने स्वतःचं खातं उभारलं. एक जुना संगणक, त्यावर काउरी नावाची फुकट मिळणारी सापळ्याची प्रणाली आणि आत फायलींचा फराळ. फायलींची नावं मी स्वतः पाहिलेली आहेत. 'तेल्हारा तालुका अतिगोपनीय', 'कलेक्टर साहेब वैयक्तिक' आणि सर्वांत वर 'तुरीचा उद्याचा भाव'. या शेवटच्या फायलीची बातमी फुटली आणि दोन व्यापारी संध्याकाळी दुकानात येऊन गेले. एकाने कोपऱ्यात नेऊन रक्कमही विचारली. बातमी फुटली कशी, हे विचारायला नको. त्यानेच फोडली.

रात्री त्याने तो संगणक इंटरनेटला मोकळा सोडला. मला मुद्दाम बोलावलं होतं. कूलर घरघरत होता, वहिनींनी डब्यात कच्चा चिवडा दिला होता. काही मिनिटांतच पडद्यावर ओळी धावायला लागल्या. कुणीतरी दार वाजवत होतं. 'रूट', 'ॲडमिन', '१२३४५६', पुन्हा 'ॲडमिन'. "आला!" चकवाभाऊ ताडकन उठला. त्याने कॉलर नीट केली. मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी नव्हे, तर पाहुण्यांत स्वतःच नवरदेव असावा तशी त्याची लगबग. सहाव्या-सातव्या प्रयत्नाला त्या अज्ञाताला ठरल्याप्रमाणे आत सोडण्यात आलं. आम्ही श्वास रोखून बसलो. त्याने 'तुरीचा उद्याचा भाव' उघडली नाही. कलेक्टर साहेबांकडे ढुंकून पाहिलं नाही. तो आला, संगणकाची ताकद किती ते पाहिलं, आभासी चलन खणणारा एक प्रोग्राम कुठूनसा ओढायला लागला, आणि तेवढ्यात लाईन गेली.

अंधारात बराच वेळ कोणी बोललं नाही. "मानूस नव्हता सर," शेवटी तो म्हणाला, "यंत्र होतं." अशी यंत्रं जगभर रात्रंदिवस दारं वाजवत हिंडतात. २०१६ साली मिराई नावाच्या अशाच एका प्रोग्रामने कारखान्यातून येतानाच घातलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. चकवाभाऊला हे ठाऊक होतं, तरी त्याला लागलं. तीन आठवडे खपून लिहिलेल्या फायली, आणि वाचणाऱ्याला डोळेच नाहीत. लेखक म्हणून मी त्याचं दुःख समजू शकलो.

दुसऱ्या दिवशी त्याने ही हकिकत वडिलांना सांगितली. आबाजी कपाशीवाले. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी खाल्ली तेव्हापासून त्यांच्या वावरात दरवर्षी कामगंध सापळे टांगलेले असतात. मादी पतंगाचा खोटा वास लावलेली ती गोळी, नर येतो आणि पिशवीत पडतो. हेक्टरी पाच सापळे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग पडले की पंप पाठीवर घ्यायचा. आबाजींनी लेकाचं सगळं शांतपणे ऐकलं आणि तंबाखू मळत म्हणाले, "अबे, सापया काही अयी मारासाठी नसते. पतंग आले का नाई अन् किती आले, थे समजा म्हून असते. मरते थे फवाऱ्यानं. तुह्या दुकानात फवारा कोठी हाय?"

मी आजवर या विषयावर ऐकलेलं हे सर्वांत नेमकं वाक्य. सापळा हा बचाव नाही, खबर आहे. खबर मिळाल्यावर करायचं काय, याचं उत्तर तयार नसेल तर सापळा ही नुसती करमणूक. फवारा म्हणजे वेळच्या वेळी संगणक अद्ययावत ठेवणं, हे चकवाभाऊला पाठ आहे. पण खऱ्या दोन संगणकांवर त्याने कित्येक महिने अपडेट घातलेलं नव्हतं. कारण विचारलं तेव्हा तो प्रथमच खऱ्या आवाजात बोलला. "अपडेट आलं का प्रिंटर बंद पडते, सर."

आता फासा. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर २००७ पासून पोलिसांनी एक पद्धत वापरली. नाकेबंदी कुठल्या रस्त्यावर, कुत्रा कुठल्या टर्मिनलवर, कधी, हे साहेब ठरवत नाही, गणित ठरवतं. साहेबाने ठरवलं की सवय लागते, आणि सवय पाळत ठेवणाऱ्याला पाठ होते. गणिताने चिठ्ठी टाकली की पाळत ठेवणाऱ्याला सगळे नियम ठाऊक असले तरी आजची चिठ्ठी ठाऊक नसते. यात गंमत अशी की रखवालदाराने आपलं धोरण आधी जाहीर केलं आणि चोराने ते बघून आपली चाल ठरवली, तरीही चिठ्ठी नीट टाकली असेल तर रखवालदाराचं फारसं बिघडत नाही. हे काम ज्यांच्या गटाने केलं ते मिलिंद तांबे. तेव्हा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, पुढे हार्वर्डला. याच चालीने त्यांनी विमानातल्या सशस्त्र पहारेकऱ्यांच्या, तटरक्षक दलाच्या आणि युगांडातल्या जंगल-रक्षकांच्या गस्तीचं गणित मांडलं, आणि संगणकाच्या जाळ्यात हल्लेखोराला हूल कशी द्यावी यावरही त्यांच्या गटाचे शोधनिबंध आहेत. "तांबे! आपला मराठी मानूस!" एवढं म्हणून चकवाभाऊने गालफुगवी गंभीर मुद्रा केली आणि सोंगट्यांच्या डब्यातला फासा दुकानात आणला.

पहिला निर्णय दुकान उघडण्याच्या वेळेचा. एक पडलं तर सकाळी आठ, सहा पडलं तर दुपारी एक. हल्लेखोराला अंदाज येता कामा नये. हल्लेखोराचं माहीत नाही. अडगावहून पहिल्या एसटीने येणाऱ्या माणसाला अजिबात येत नसे. "भाऊ, दुकान उघडं हाय का थे पाहाले बी फासा टाका लागते काय?" असं एका म्हाताऱ्याने त्याला तोंडावर विचारलं. समोरच्या टपरीवर उघडण्याच्या वेळेवर पैजा लागायला लागल्या. चहा खपला. या प्रयोगातला निव्वळ नफा तेवढाच, आणि तोही टपरीवाल्याचा. मी त्याला समजावलं, की बाबा, तांब्यांच्या गणितात सगळ्या दारांना सारखी चिठ्ठी नसते. जिथे नुकसान मोठं तिथे पहारा जास्त वेळा पडावा, असं वजन लावलेलं असतं. तुझी मोलाची वेळ सकाळची. त्याला पटलं. त्याने फाशाला वजन लावलं, म्हणजे अक्षरशः एका बाजूला शिशाचा तुकडा चिकटवला. हल्ली बहुतेक वेळा एकच पडतो आणि दुकान आठला उघडतं. तरी तो टाकतो रोज.

या सगळ्यावर कळस म्हणजे किल्ल्यांचं प्रकरण. आरी ज्युएल्स आणि रॉन रिव्हेस्ट या दोघांनी २०१३ मध्ये एक युक्ती सुचवली. प्रत्येक खातेदाराच्या खऱ्या पासवर्डाशेजारी एकोणीस-वीस खोटे ठेवायचे. चोराने सगळी यादी पळवली तरी खरा कोणता हे त्याला कळत नाही, आणि खोटा वापरला की पकडला जातो. खरा कितव्या क्रमांकाचा, एवढंच गुपित एका वेगळ्या यंत्रात दूर ठेवायचं. युक्ती सुंदर आहे. ती घरच्या कुलपाला लावावी असं मात्र त्या दोघांनी कुठेही म्हटलेलं नाही.

चकवाभाऊने भंगारातून एकोणीस किल्ल्या आणल्या. खरी धरून वीस. सगळ्या एका कड्यात, प्रत्येकीला आकड्याची चकती. दाराला एक भोंगा जोडला; चुकीची किल्ली फिरली की बोंबलणार. खरी कितवी, हे स्वतः लक्षात ठेवायचं नाही, कारण धमकावलं तर आपण सांगून टाकू. तो आकडा शेजारच्या काकूंच्या हवाली केला. ही झाली व्यवस्था. मे महिन्यातला गुरुवार. वहिनी भिशीहून आल्या, डोक्यावर पदर, हातात कलिंगड. चकवाभाऊ दारात किल्ल्यांचं कडं घेऊन घामाने निथळत उभा. काकूंच्या दाराला कुलूप. काकू शेगावला, महाराजांच्या दर्शनाच्या बारीत.

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी कलिंगड खाली ठेवलं, कडं घेतलं आणि तीन नंबरची किल्ली लावली. भोंगा बोंबलला. गल्लीतली पोरं जमली. नऊ नंबर. भोंगा. सासरेबुवा खाटेवरून उठून आले. "अहो, सांगा ना आता!" "मले नाही माहीत, तेच तं शास्त्र हाय!" काकूंना फोन लावला. फोन पिशवीत, पिशवी जावेकडे, जाऊ चपला सांभाळत. दीड तासाने काकूंचा फोन आला. "सात होता का सतरा, बाई, आता ध्यानात नाही. पण कायजी करू नका, म्या कागदावर लिवून फ्रिजले चिटकवून ठेवला हाय." सगळ्यांच्या जिवात जीव आला. मग कुणीतरी विचारलं, काकूंच्या घराची किल्ली कोणाकडे असते? ती चकवाभाऊकडे असते. घरात. खुंटीला.

आबाजींनी सब्बल आणली. शास्त्रात सब्बल नव्हती. वहिनींनी त्या रात्री जे काही म्हटलं असेल ते असो. पुढचे आठ दिवस भाऊचा डबा समोरच्या टपरीवरच होता.

रशियन कीबोर्डची भानगड त्या मानाने किरकोळ, पण तिची सरकारदरबारी नोंद आहे. मे २०२१ मध्ये अमेरिकेत कलोनियल पाइपलाइन बंद पाडणाऱ्या टोळीचं खंडणीचं सॉफ्टवेअर म्हणे आधी संगणकाची भाषा तपासायचं. रशियन किंवा आसपासच्या देशांची भाषा दिसली तर आपलीच माणसं समजून मुकाट निघून जायचं. तेव्हा संगणकावर रशियन कीबोर्ड बसवून ठेवायचा; ही युक्ती सगळ्या टोळ्यांना लागू पडत नाही, हे जाणकारांनी तेव्हाच सांगितलं होतं. चकवाभाऊने ती दोन्ही खऱ्या संगणकांवर बसवली. तो टाइप करतो तेव्हा नजर बोटांवर आणि तोंड गिऱ्हाइकाशी. मराठीवरून इंग्रजीवर जाताना मध्ये कुठेतरी रशिया लागला. शेततळ्याचा तो अर्ज 'तरी मेहेरबान साहेबांस विनंती की' इथपर्यंत मराठीत आहे, त्यापुढे रशियन. सहीसाठी अंगठा मराठी. अर्ज परत आला तेव्हा त्यावर लाल शाईने एवढंच होतं: 'बोध होत नाही.'

हसू येतं खरं. पण पलीकडची बाजू हूल देण्यात कच्ची नाही, हेही तो सांगतो, आणि ते सांगताना त्याचा सूर बदलतो. ऑगस्ट २०१८, पुण्याची कॉसमॉस बँक. कार्ड चालवायला परवानगी देणारी बँकेची जी यंत्रणा असते, तिच्या जागी चोरांनी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली. एटीएम विचारतं, पैसे देऊ का? बँकेपर्यंत प्रश्न पोचतच नाही, मध्येच खोटी यंत्रणा म्हणते, दे. ११ ऑगस्टच्या शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून धडाधड पैसे निघाले. १३ तारखेला १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका बँकेत गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. "चकवा त्याइनं लावला, सर, आपल्याले. आपुन कवा लावाचा?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा मागवला.

चोराला खराखुरा चकवा तेल्हाऱ्यात एकदाच लागला, आणि तो लावला चकवाभाऊच्या मायने. दुपारची वेळ. माय अंबाडी निवडत बसलेली. फोन वाजला. पलीकडे करडा आवाज, "मुंबई क्राइम ब्रांच से बोल रहे हैं. आपके नाम का पार्सल पकड़ा गया है." माय म्हणाली, "पार्सल? मेरे भाई ने भेजा होंगा. आंबे है क्या?" तो म्हणाला, ड्रग्ज है. ती म्हणाली, हौ, वो गोली शुगर की है, मले नाही लागत, दो सूनबाई को. तो म्हणाला, आप डिजिटल अरेस्ट में हैं, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. ती म्हणाली, मी कोठी जातो बावा या उन्हात. मग तिने त्याचं गाव विचारलं. जेवला का विचारलं. पोलिसात आहेस तर गेल्या वर्षी गोठ्यातून गेलेल्या गाईचा तपास कुठवर आला ते विचारलं, गाईचं वर्णन दिलं, शिंगं सांगितली. तिच्या नातवाने चकवाभाऊला बोलावून आणलं तेव्हा अंबाडी निवडून झाली होती, आणि तिकडचा इसम काकुळतीला येऊन म्हणत होता, "माताजी, आप फोन रखिए." ब्रिटनमध्ये ओ-टू नावाच्या फोन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा भामट्यांचा वेळ खायला 'डेझी' नावाची एक बोलकी कृत्रिम आजी तयार केली. आमच्याकडे ती नैसर्गिक मिळते.

चकवाभाऊने त्या दिवशी वहीत नोंद केली: 'हल्लेखोराचा वेळ वाया – पाऊण तास. आपला खर्च – शून्य.' मग मायला सांगायला गेला की तू काय मोठं काम केलंस. तिला वाटलं गाय सापडली.

दुकानाच्या भिंतीवर आता त्याने सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लाल रंगात मोठा लिहून घेतलाय: १९३०. नवीन गिऱ्हाइकांना ते दुकान स्थापन झाल्याचं साल वाटतं. बरीच जुनी फर्म दिसते, असं म्हणून ती निवांत बसतात.

खरी गोम वेगळीच आहे. हूल देणाऱ्याला एक गोष्ट जमावी लागते, ती म्हणजे गप्प बसणं. याला ते साधत नाही. याला सापळ्यापेक्षा सापळ्याचं कौतुक हवं असतं. दुकानातल्या एका संगणकावर, पडद्याच्या मधोमध, 'सर्व पासवर्ड' नावाची फाईल आहे. ती कुणी उघडली की याच्या मोबाईलवर घंटी वाजते. कीर्तनात वाजली आहे, पंगतीत वाजली आहे. आजवर जे सापडले त्यांत एक मेहुणा, दोन वर्तमानपत्रवाले, एक लगीनघाईतला उपवर आणि अर्ज भरायला आलेली निम्मी कॉलेजची पोरं आहेत. प्रत्येकाला पकडल्यावर हा काय करतो? समोर बसवतो, आणि कोणता संगणक खरा, कोणता खोटा, घंटी कशी जोडली, हे सगळं कागदावर आकृती काढून समजावून देतो. आकृती न्यायलाही देतो.

तरीही माझे कागद मी त्याच्याचकडे काढतो, आणि ते त्याच्या चकव्यांसाठी नाही. आधारची खराब निघालेली झेरॉक्स तो गिऱ्हाइकासमोर फाडतो आणि घरी नेऊन चुलीत घालतो. ओटीपी आला की मान दुसरीकडे वळवतो. कुणाचा फोटो, कुणाचा अंगठा, कुणाचं पासबुक संध्याकाळी दुकानात उरू देत नाही. हे तो कुणाला सांगत नाही, कारण यात त्याला सांगण्यासारखं काही वाटतच नाही.

तेव्हा तेल्हाऱ्यात तुमचा एखादा दाखला अडला तर खुशाल त्याच्याकडे जा. फ्लेक्सवरच्या नंबरावर फोन मात्र करू नका, मेहुणा आता शिव्या देतो. बसायला सांगितलं तर आधी विचारून घ्या की हा संगणक खरा का. आणि 'सर्व पासवर्ड' नावाच्या फाईलला चुकूनही हात लावू नका. चोरी पकडली जाईल म्हणून नव्हे; घंटी वाजेल, तो धावत येईल, तुमच्यासाठी चहा सांगेल, आणि १९८६ सालच्या ७५ सेंटपासून सुरुवात करेल.